दप्तरात सिगारेट सापडली, पुढे काय? पुण्यातल्या मुख्याध्यापकांना आणि प्राचार्यांना खुले पत्र

पुणे शहरातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य आणि संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

दप्तर तपासताना सिगारेट, माव्याची पुडी किंवा व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडला की पुढे काय होतं, हे मला वेगवेगळ्या शाळांत बसून तोंडपाठ झालं आहे. वर्गशिक्षक मुलाला ऑफिसात आणतात. पालकांना फोन जातो, 'ताबडतोब या' एवढाच. आई कामावरून अर्धा दिवस टाकून धापा टाकत येते. वडील आले तर जिना चढतानाच हात उगारलेला असतो. माफीपत्र लिहून घेतलं जातं, त्यावर तिघांच्या सह्या होतात. पहिली वेळ असेल तर आठवडाभर घरी. दुसरी असेल तर 'आम्ही दाखला देतो, तुम्ही दुसरीकडे बघा.' शाळेचं नाव राहतं. मूल दुसऱ्या शाळेत जातं आणि तिथल्या टपरीवाल्याशी त्याची ओळख व्हायला काही वेळ लागत नाही.

मी शाळांमधून समुपदेशन करते. मेंदूवर संशोधन करणारी मी नव्हे. पण त्या संशोधनाचा शाळेच्या रोजच्या कारभाराशी काय संबंध आहे, हे कुणी तुमच्या टेबलावर आणून ठेवल्याचं दिसत नाही, म्हणून हे पत्र. म्हणणं एकच आहे. पंधराव्या वर्षी घेतलेलं निकोटिन पन्नाशीत काय करेल ते करेल, मेंदूत मात्र ते आजच काम करतं, आणि ते काम तुम्हाला वर्गात 'बेशिस्त' म्हणून दिसतं. आपण त्या बेशिस्तीला शिक्षा करतो. ज्यानं मुलाला माल विकला तो गल्लीच्या तोंडाशी निवांत बसलेला असतो.

आधी कॅन्सरच्या चित्रांबद्दल बोलते, कारण बहुतेक शाळांचा सगळा भर तिथेच असतो. ३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन. आपल्याकडे तो भर उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. तेव्हा शाळेत शिपाई आणि रंगारी सोडून कुणी नसतं. मग शाळा उघडल्यावर जूनमध्ये कधीतरी शपथ होते, फोटो वर पाठवला जातो आणि एक पाहुणे येऊन तोंडाच्या कॅन्सरच्या स्लाइड दाखवतात. पहिल्या स्लाइडला पुढच्या रांगा डोळे मिटतात, तिसऱ्या स्लाइडला मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते. पंधरा वर्षांच्या पोराला पन्नाशी म्हणजे आजोबांच्या आसपासचं काहीतरी वाटतं. कॅन्सर खोटा नाही, पण त्या वयात तो अंगाला लागत नाही. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'सामाजिक आरोग्य' नावाचा धडा आहे, त्यात व्यसनांचा विषय येतो. पण तो पडला नववा. नवव्या धड्याला पोचेपर्यंत पूर्वपरीक्षा डोक्यावर असते, मग 'हा तुमचा तुम्ही वाचून घ्या.'

या मुलांना सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे, आणि खरं तर ती आधी आपण मोठ्यांनी समजून घ्यायला हवी.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात तो रसायनांच्या मार्फत. त्यातलं एक रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. लक्ष देणं, शिकणं, लक्षात ठेवणं यांत त्याचा मोठा वाटा. तुमच्या रोजच्या व्यवहारातलं उदाहरण द्यायचं तर ती शाळेची घंटा समजा. क्षणभर वाजते, तास बदलतो, थांबते. ती थांबवायचं काम एका विकराचं (एन्झाइमचं), आणि ते विकर हे काम मिलिसेकंदांत उरकतं. निकोटिनची ठेवण अशी की ॲसिटिलकोलीन ज्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या पेशीवरच्या जागांवर, बसतं त्यांतल्या काहींवर तेही जाऊन बसतं, पण त्या विकराला निकोटिन तोडता येत नाही. म्हणजे बाहेरचा कुणीतरी आत घुसला आणि घंटेचं बटण दाबून उभा राहिला. सुरुवातीला सगळी शाळा खडबडून जागी होते. थोड्या वेळानं त्या आवाजाकडे कुणी लक्षच देत नाही. रिसेप्टर असेच बधिर होतात, आणि त्याची भरपाई म्हणून मेंदू त्यांची संख्या वाढवत नेतो. आता या वाढलेल्या रिसेप्टरना घरचं ॲसिटिलकोलीन पुरेनासं होतं. बाहेरून माल आला नाही की ते आरडाओरडा करतात. आपण ज्याला तलफ म्हणतो ती बव्हंशी हीच.

सिगारेटच्या धुरातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि डोपामिनचा, म्हणजे मेंदूला बक्षीस मिळाल्याचं सांगणाऱ्या रसायनाचा, झोत सोडतं. कृती आणि बक्षीस यांच्यात इतकं कमी अंतर असलं की मेंदू तो धडा पटकन शिकतो. आपल्याला एखादी कविता पाठ करून घ्यायला आठवडा लागतो, यावरून अंदाज करा.

हे सगळं चाळिशीच्या माणसातही घडतं. फरक पडतो तो वयाचा. कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, स्वतःला आवर घालणं, पुढचा विचार करणं, कंटाळवाण्या कामातही टिकून राहणं ही कामं करतो. तो पंचविशीच्या आसपास कुठे पुरा घडतो. मौज आणि बक्षीस ओळखणारा भाग मात्र त्याच्या आधीच कामाला लागलेला असतो; म्हणून तर नववी-दहावीची मुलं अशी असतात. आणि कोणता जोड पक्का करायचा, कोणता काढून टाकायचा, या घडणीच्या कामात हेच ॲसिटिलकोलीनचे रिसेप्टर गुंतलेले असतात. काम चालू असताना निकोटिन त्यात हात घालतं.

२०११ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये छापलेलं काम मला या बाबतीत सगळ्यांत बोलकं वाटतं. त्यांनी किशोरवयातल्या उंदरांना काही दिवस निकोटिन दिलं आणि पूर्ण थांबवलं. मग पाच आठवडे जाऊ दिले. उंदराच्या आयुष्यात हा मोठा काळ. तेवढ्यात ते प्रौढ झाले होते. लक्ष टिकवून ठेवायच्या चाचणीत हे उंदीर मागे पडले. तेच निकोटिन ज्यांना मोठेपणी दिलं होतं, त्यांच्यात असा मागे राहिलेला दोष दिसला नाही. मग शोध घेतला तेव्हा कपाळामागच्या भागात ग्लुटामेट या दुसऱ्या निरोप्या रसायनाचा एक विशिष्ट रिसेप्टर घटलेला सापडला. त्याला चेतवणारं औषध नेमकं त्या जागी सोडलं, तर लक्ष सुधारलं. याचा अर्थ निकोटिन शरीरातून केव्हाच निघून गेलं होतं, पण त्यानं केलेला बदल जागच्या जागी होता.

तुमच्यापैकी विज्ञानाचे जे शिक्षक आहेत ते इथे म्हणतील की उंदीर म्हणजे आमची पोरं नव्हेत. बरोबर आहे. मुलांवर असा प्रयोग करता येत नाही आणि करूही नये. माणसांवरच्या अभ्यासांत गुंता असतो. २००५ मध्ये येल विद्यापीठाच्या गटानं रोज सिगारेट ओढणाऱ्या किशोरांची स्मरणशक्ती तपासली. एका वेळी चार गोष्टी डोक्यात धरून काम करायची त्यांची क्षमता न ओढणाऱ्यांपेक्षा कमी भरली, आणि सिगारेट बंद असताना ती आणखी खालावली. पण ज्या मुलांचं लक्ष मुळातच टिकत नाही, जी मुळातच उतावळी असतात, ती सिगारेटकडे लवकर वळतात, हेही तितकंच माहीत असलेलं आहे. मग आधी काय? हा संशय मला रास्त वाटतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २०१६ च्या अहवालानं सगळा पुरावा एकत्र ठेवून निष्कर्ष काढला तो असा की किशोरवयातलं निकोटिन घडत्या मेंदूला इजा करू शकतं आणि लक्ष, शिकणं, मनःस्थिती, स्वतःवरचा ताबा या गोष्टींवर त्याचा परिणाम होतो. तुम्ही मात्र हा वाद सुटायची वाट बघू नका. मूल आधीपासून अस्थिर होतं म्हणून सिगारेटकडे गेलं असो की सिगारेटमुळे अस्थिर झालं असो, दोन्हीकडे आठवडाभर घरी बसवणं हे उत्तर चुकीचंच येतं.

आता वेळापत्रकाकडे या. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं. चार तासांत पाव. शाळेचा दिवस पाच-सहा तासांचा असतो. यापलीकडे मला काही सांगायची गरज नाही, पण तरी सांगते.

नववीतला एक मुलगा माझ्याकडे पाठवला होता. तक्रार अशी की रोज चौथ्या तासाला भांडण. पहिल्या तीन तासांत शहाणा, चौथ्याला कुणाची तरी कॉलर धरलेली. खुर्चीत बसला तोच पाय हलवत. माझ्या टेबलाच्या कडेला कर्कटकाचं टोक रुतवत होता आणि तोंडात पेपरमिंट होती, अकरा वाजता, ज्या शाळेत खाऊला बंदी आहे तिथे. मी एवढंच विचारलं, "सकाळची किती वाजता ओढतोस?" त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "पावणेसात." शाळा सातची. मी कोरा कागद पुढे केला आणि दर दोन तासांनी निम्मं, असं गणित घातलं. त्यानं पावणेनऊ लिहिलं, पावणेअकरा लिहिलं, आकडे मांडले, थोडा वेळ बघत बसला आणि म्हणाला, "मग मॅडम, चौथा तास पीटीचा ठेवायला सांगा ना." मला हसू आवरेना. त्याचं निदान शाळेच्या सगळ्या शेऱ्यांपेक्षा नेमकं होतं. त्याच्या डायरीत तोवर 'उद्धट', 'लक्ष नाही', 'पालकांनी भेटावे' असे शेरे पानोपानी होते, आणि त्यांतले बहुतेक चौथ्या-पाचव्या तासाचे.

याच्या उलट बाजूनं एक समजूत आहे, ती विशेषतः आपल्या पुण्याची. सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आजूबाजूला अभ्यासिका आहेत, त्यांच्या खाली अमृततुल्य, त्याला लागून टपरी. स्पर्धा परीक्षेचे दादा लोक तिथे चहा-सुट्टा मारताना दिसतात, आणि त्यांचं बघून क्लासची अकरावी-बारावीची पोरंही म्हणतात, "सिगारेटनं डोकं चालतं, एकाग्रता होते." हे साफ खोटं आहे असं सांगू नका, कारण पोरं खोटं पकडतात. निकोटिननं थोडा वेळ लक्ष धारदार होतं, यात तथ्य आहे. पण रोज ओढणाऱ्याला जी 'एकाग्रता' मिळते ती बहुतांशी तलफेची तगमग थांबल्यामुळे मिळते. म्हणजे आधी चप्पल हरवायची आणि ती सापडल्याबद्दल पेढे वाटायचे.

दुसरी समजूत पालकांची आणि तुमचीही: 'कधीतरी एखादी ओढतो, व्यसन थोडंच आहे.' मॅसॅच्युसेट्समधले डॉ. जोसेफ डीफ्रान्झा यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा मागोवा घेतला तेव्हा त्यांना दिसलं की रोज ओढायला लागायच्या आधीच, काहींना तर सुरुवात केल्यापासून काही आठवड्यांत, सवयीनं पकडल्याची लक्षणं येतात. त्यांनी त्यासाठी दहा साध्या प्रश्नांची यादी केली. सोडायचा प्रयत्न करून जमलं नाही असं झालंय का? खूप तीव्र ओढ लागते का? जिथे ओढायला मनाई आहे, उदाहरणार्थ शाळेत, तिथे न ओढता राहणं जड जातं का? बंद केल्यावर चिडचिड होते का, लक्ष लागत नाही का? एकाला जरी 'हो' आलं, तरी त्या मुलाचा स्वतःवरचा ताबा थोडा सुटला असं ते धरतात. दिवसाला किती, हा आपला आवडता प्रश्न त्या यादीत नाहीच.

आणि सिगारेट हा तर आपल्याकडचा लहान भाग आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. मुलं घरात जे बघतात ते हे. बाबा तळहातावर मळून बार लावतात, आजी सकाळी मिश्री लावते. तुम्ही मुलाच्या शर्टाला धुराचा वास येतो का बघता, आणि मावा त्याच्या गालात असतो. मुलींच्या शाळेतल्या एका बाईंनी मला ठामपणे सांगितलं होतं, "आमच्याकडे हा प्रश्नच नाही." मिश्री ही भाजलेली तंबाखू आहे आणि दात घासायच्या नावाखाली तिच्यातून निकोटिनच जातं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. देशभरातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांच्या २०१९ च्या पाहणीत ८.५ टक्के मुलं त्या काळात कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. म्हणजे साधारण बारातलं एक. तुमच्या पटाला बारानं भागून बघा. तुमच्या शाळेत आकडा कमी असेल, नाही असं नाही. पण शून्य येणार नाही.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी एक गंमत. तंबाखूत चुना का मळतात? चुन्यानं मिश्रण अल्कधर्मी होतं, आणि अल्कधर्मी वातावरणात निकोटिन गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून झपाट्यानं रक्तात जातं. आपल्या आजोबांना पीएच माहीत नव्हता, पण चुना किती लावायचा ते बरोबर माहीत होतं. नव्या व्हेपमध्ये याच्या नेमकं उलट केलंय. निकोटिनमध्ये आम्ल मिसळून त्याचा क्षार बनवतात, त्यामुळे घशाला ठसका लागत नाही. पहिल्या झुरक्याला जो खोकला यायचा आणि निम्मी पोरं तिथूनच परत फिरायची, तो खोकलाच काढून टाकला. शिवाय आंब्याचा, पुदिन्याचा स्वाद. दिसायला पेन ड्राइव्ह नाहीतर हायलायटर. शिक्षकांना दाखवल्याशिवाय ओळखू येत नाही, हे मी अनेक शिक्षकखोल्यांत पाहिलं आहे. आणि मुलं मात्र ते ओळखतात.

आता विकणाऱ्याकडे वळू, कारण तुमच्या हातात इथे जेवढं आहे तेवढं तुम्ही वापरत नाही.

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकायला बंदी आहे, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, कुणालाही विकायला बंदी आहे. हे अंतर फाटकापासून रस्त्यानं चालत मोजायचं नसतं. संस्थेच्या आवाराच्या बाहेरच्या हद्दीपासून चहूबाजूंनी सरळ रेषेत मोजायचं असतं. पेठांमध्ये यानं फार फरक पडतो. पुढच्या फाटकापासून वळसा घालून दोनशे पावलांवर असलेली टपरी मागच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर असते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही हद्द रस्त्यावर पिवळ्या रेषेनं दाखवायची आहे. पुण्यात अशा रेषा कुठे आणि किती दिसतात, ते तुम्ही स्वतः फिरून बघा. खासगी क्लास मात्र या १०० यार्डांच्या नियमात बसवणं अवघड, कारण नियमातली व्याख्या मान्यताप्राप्त संस्थांची आहे. तिथे वयाची अट तरी लागू होतेच.

पाकिटातून काढून एकेक सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रानं सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. कारण उघड आहे: अख्खं पाकीट घ्यायला विद्यार्थ्याच्या खिशात पैसे नसतात, एकीपुरते असतात. आज कुठल्याही टपरीवर जा. खांबाला दोरीनं बांधलेला लायटर लोंबत असतो, काउंटरवर उघडं पाकीट असतं आणि सिगारेटबरोबर न मागता वासासाठी पेपरमिंट पुढे येते. हे गिऱ्हाईक कोण आहे आणि ते कुठून चुकवून आलंय, हे त्या पेपरमिंटवरूनच कळतं.

टपरीवाल्याला २००३ च्या कायद्यानं दंड किती, तर २०० रुपयांपर्यंत. तेवढे तर त्याचे सकाळच्या गर्दीत सुटतात. म्हणून तक्रार करूनही काही होत नाही असं तुम्ही म्हणता. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलम वाचा. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. ई-सिगारेटचा २०१९ चा कायदा वेगळा आहे: विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. या कायद्यांचा रोख देणाऱ्यावर, आणणाऱ्यावर, विकणाऱ्यावर आहे. घेणाऱ्या मुलावर नाही. आणि आपल्या ऑफिसात शिक्षा होते ती फक्त मुलाला. आठवीपर्यंतच्या मुलाचं तर शाळेतून नाव काढणंच शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही. 'पालकांनी स्वखुशीनं दाखला नेला' असं लिहून घेतल्यानं ते बसतं, असं मला वाटत नाही.

टपरीवाल्यांनाही पोटं आहेत, हे मला मान्य आहे. तंबाखू सोडून नुसता चहा, बिस्किटं, वह्या-पेनं विकायला त्यांना कुणी मनाई केलेली नाही.

तर माझं मागणं असं. मूल सापडलं की पहिल्या दिवशी माफीपत्र नको, प्रश्न हवेत, आणि ते बंद दाराआड, वर्गासमोर नव्हे. काय घेतो, कधीपासून, सकाळची पहिली किती वाजता, कुठून मिळालं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुलाच्या नावाशिवाय शाळेच्या लेटरहेडवर पोलीस ठाण्याला द्या, पोच घ्या. पालकांना बोलवा, पण 'काय केलं बघा तुमच्या मुलानं' यासाठी नाही. वडील स्वतः घेत असतील तर ते मुलासमोर विचारू नका. बाजूला घेऊन विचारा, आणि जमलं तर दोघांना एकत्र सोडायला सांगा. घरात मोठ्यांचं चालू असताना मुलाचं सुटणं फार अवघड जातं. मारहाणीनं तर हमखास एकच गोष्ट होते, मूल पुढच्या वेळी जास्त हुशारीनं लपवतं.

सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे वाईट असतात. झोप बिघडते, राग येतो, लक्ष लागत नाही, भूक वाढते. विषयशिक्षकांना कारण न सांगता एवढंच सांगता येईल की या मुलाला महिनाभर थोडं सांभाळून घ्या, पाणी प्यायला बाहेर जाऊ द्या. बोर्डाच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सोडायला लावणारे पालक भेटतात. त्यांना दिवाळीतच सुरुवात करायला सांगा. आणि मुलाला हेही सांगा की मेंदू हार मानत नाही. मोठ्यांच्या मेंदूंच्या तपासण्यांत वाढलेले रिसेप्टर सोडल्यानंतर काही आठवड्यांत पुन्हा नेहमीच्या पातळीकडे येताना दिसले आहेत. किशोरवयीन उंदरांत ही वाढ जास्त काळ रेंगाळते, म्हणून लवकर थांबणं महत्त्वाचं. 'तुझा मेंदू कायमचा गेला' असं सांगून घाबरवलंत तर तो म्हणेल, गेलाच आहे तर ओढू दे.

मदत मिळते. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ मोफत आहे. तो क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरच छापलेला असतो, आणि शाळेच्या सूचनाफलकावर मात्र क्वचित दिसतो. पुण्याचं भाग्य म्हणून येरवड्याला १९८६ पासून काम करणारं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आपल्याकडे आहे. निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतात म्हणून पालकांनी परस्पर मुलांना देऊ नयेत. त्यासाठी डॉक्टर हवा.

एक आडून-आडून सांगायची गोष्ट सरळच सांगते. काही शिक्षकखोल्यांच्या मागच्या खिडकीखाली भिंत लाल आहे. मुलांना ती दिसते.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा विद्यार्थ्यांसाठी व्याख्यान ठेवण्याआधी शिक्षकांसाठी एक तास ठेवा. मी यायला तयार आहे, मानधन नको. व्हेपचे दोन-तीन नमुने चित्रात दाखवीन, दहा प्रश्नांची मराठी यादी देईन आणि तुमच्या आवाराच्या नकाशावर मागच्या भिंतीपासून ९१ मीटरचं वर्तुळ आपण मिळून काढू. नकाशा नसेल तर लांब टेप आणि एनसीसीची दोन मुलं पुरतील. टेप मी आणते.

आपली,
एक शालेय समुपदेशक, पुणे